एडवर्ड लिअरची कच्ची चित्रं पक्क्या चित्रांपेक्षा का आवडतात?

नीलशाई

एडवर्ड लिअर म्हटलं की मला इतके दिवस एवढंच आठवायचं: इंग्रजीच्या बाई वर्गात म्हणून दाखवायच्या त्या पाच ओळींच्या वात्रट कविता आणि दाढीत पक्ष्यांनी घरटी केलेला तो म्हातारा. गेल्या महिन्यात कळलं की या माणसाचा पोटापाण्याचा धंदा निसर्गचित्रांचा होता. वात्रटपणा त्यानं मित्रांच्या पोरांसाठी केला. जगाला तोच लक्षात राहिला आणि चित्रं राहिली बाजूला.

थोडक्यात ओळख. जन्म 1812, लंडनजवळ हॉलोवे. एकवीस भावंडांतला विसावा. बापाचा पैसा बुडाला आणि थोरल्या बहिणीनं, अ‍ॅननं, याला वाढवलं. 1837 मध्ये रोमला गेला आणि त्यानंतर इंग्लंडात असा कधी रुजलाच नाही. इटली, ग्रीस, अल्बेनिया, इजिप्त, पॅलेस्टाइन, कॉर्सिका... आणि 22 नोव्हेंबर 1873 ला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मुंबई! सव्वा वर्षाच्या आत लखनौ, बनारस, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला, पुणे, हैदराबाद, मद्रास, उटी, सिलोन असं सगळं पालथं घातलं.

आता मुद्दा. हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात त्याची हजारो रेखाटनं आहेत, ती मी रोज रात्री जेवण झाल्यावर बघत बसते. जागेवर पेन्सिलीनं काढलेली, नंतर शाईनं गिरवलेली, वर पातळ रंगाचा हात. कोपऱ्यात जागेचं नाव, तारीख, कित्येकदा किती वाजले तेसुद्धा. आणि चित्राच्या अंगावरच सूचना: इथे हिरवा, इथे सावली, इथे धूळ. खडकांना तर तो स्पेलिंगची मोडतोड करून शेवटी एक्स लावून 'रॉक्स' लिहितो. मला ती जिवंत वाटतात. उलट त्याची मोठी तैलचित्रं बघितली की दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर ताठ बसलेल्या माणसासारखी वाटतात. बिचाऱ्यानं आयुष्यभर तैलचित्रांसाठी जीव काढला आणि मी त्याच्या कच्च्या वहीवर खूश. माझं काही चुकतंय का? की ही आजच्या डोळ्यांची खोड आहे?

खवट_खोबरं

पुण्याला आला होता? मग पाट्या वाचून वात्रट कविता सुचल्या असणार.

गिरीमित्र

@खवट, कविता आधीच्या. पहिलं पुस्तक 1846 चं. पुण्याला तो 1874 च्या पावसाळ्यात होता. बोरघाटातून आगगाडी 1863 पासून सुरू होती, त्यामुळे मुंबई-पुणे सोपं झालेलं. आगगाड्या नसत्या तर या वयात एवढा देश बघणं त्याला जमलंच नसतं.

आजोबा_1951

नीलशाईताई, धागा आवडला. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून दोन शब्द.

तुम्ही म्हणता तो फरक खरा आहे, पण त्याचं कारण नुसतं 'कच्चं ते जिवंत' असं नाही. लिअरचं रीतसर शिक्षण झालंच नव्हतं. वयाच्या सदतीस-अडतिसाव्या वर्षी, 1850 मध्ये, तो रॉयल अकादमीच्या शाळेत पोरांच्या रांगेत जाऊन बसला. त्याआधी, 1846 मध्ये, त्यानं साक्षात व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले होते बरं का! राणीचा मास्तर चार वर्षांनी स्वतः विद्यार्थी झाला. मग 1852 मध्ये होल्मन हंट या चित्रकाराकडे तैलरंग शिकायला गेला. हंट त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि हा त्याला 'डॅडी' म्हणायचा.

हंटचा आग्रह असा की निसर्गासमोर बसून रंगवा, दिसेल ते पान न पान रंगवा. स्थिर बसणाऱ्या माणसाला ते ठीक आहे. लिअर तर फिरस्ता! रेखाटनं गोळा करायची आणि पुढे कुठे तरी खोली भाड्यानं घेऊन त्यावरून मोठी चित्रं करायची. म्हणजे हंटची बारकाई हवी, पण समोर निसर्ग नाही. तिथे चित्र अवघडतं, असं माझं मत.

तांबट

अवांतर: पक्षीवाल्यांसाठी लिअर वेगळाच देव आहे. अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपटांची चित्रं काढायला बसला. त्या काळी पेंढा भरलेले पक्षी समोर ठेवून काढायची पद्धत; यानं जिवंत पक्षी बघून काढले. राखणदार पोपट धरून ठेवायचा आणि हा मापं घ्यायचा. बेचाळीस पानं, शिळाछापाचे दगड स्वतः रेखलेले. ठरलेल्या प्रती निघाल्या की दगड पुसून टाकायचा, कारण दगड महाग.

त्यातल्या एका निळ्या मकाव पोपटाला नंतर, 1856 मध्ये, त्याचंच नाव मिळालं: लिअर्स मकाव. आणि गंमत म्हणजे हा पक्षी रानात राहतो कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. पार 1978 मध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतात त्याचा ठिकाणा लागला. चित्र आधी, पत्ता दीडशे वर्षांनी.

मावशी_बोरिवली

तांबट, चित्र आधी पत्ता नंतर, आमच्याकडे स्थळं अशीच यायची.

तांबट

मावशी, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

परदेशस्थ

आजोबांशी बराचसा सहमत, पण तैलचित्रांना सरसकट ताठ म्हणायला माझा विरोध.

न्यू हेवनला येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये त्याचं कांचनजंगा आहे, 1879 चं. सहाएक फूट रुंद. मोबाइलवर बघून त्याचा निवाडा करू नका, प्लीज. समोर उभे राहिलात की पहिल्यांदा शिखर दिसतच नाही. आधी पायाशी गर्द, जवळजवळ काळी झाडी, त्यात चिमुकली माणसं. मग दरी, आणि दरीत धुकं भरलेलं. नजर तिथे उतरते, पलीकडच्या कड्यांवरून वर चढते, आणि मग ते पांढरं काहीतरी. मी दहा मिनिटं तरी उभा होतो. बायको कॅफेत जाऊन कॉफी पिऊन परत आली.

स्वतः लिअरलाही हा डोंगर जड गेला होता. जानेवारी 1874 मध्ये दार्जिलिंगहून लिहिताना तो म्हणतो की कांचनजंगा काही आपुलकीचा डोंगर नाही. फार लांब, फार देवासारखा, फार अफाट. चित्रातलं अंतर तुम्हाला ताठपणा वाटत असेल, मला तो प्रामाणिकपणा वाटतो. व्हाइसरॉयसाठी एक, आणखी एका लॉर्डसाठी एक, असं हे दृश्य त्यानं पुन्हा पुन्हा रंगवलं. सगळं इटलीत, सान रेमोच्या घरी बसून.

नीलशाई

@परदेशस्थ, मोबाइलवर बघून निवाडा केला हे कबूल. पण तुम्हीच म्हणता, दार्जिलिंगचं थंड सकाळचं चित्र सान रेमोच्या उन्हात पाच वर्षांनी झालं. आजोबांचा मुद्दा तोच नाही का?

परदेशस्थ

तोच आहे. पण अवघडलेलं चित्रही भारी असू शकतं, एवढंच माझं म्हणणं.

इतिहासवेडा

सगळे चित्रावर बोलताहेत, मी जरा मीठ टाकतो.

हा आला कोणाच्या जिवावर? व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक जुना ओळखीचा, त्यानं खर्च देऊन बोलावलं आणि बदल्यात चित्रं मागितली. 1872 मध्ये एकदा निघालाही होता, सुएझपर्यंत पोचला आणि परत फिरला! दुसऱ्या खेपेला आला. आता ज्या हिवाळ्यात हा बनारसहून कलकत्त्याला गेला, त्याच 1873-74 च्या हिवाळ्यात बिहारमध्ये पीक बुडालं होतं आणि दुष्काळ तोंडाशी आला होता. नॉर्थब्रुकच्या सरकारनं ब्रह्मदेशातून प्रचंड तांदूळ आणून माणसं वाचवली, आणि विलायतेत त्याला वर 'फार उधळलंस' म्हणून बोल लावले. हे सगळं लिअरच्या यजमानाच्या टेबलावर चाललं होतं. चित्रांत काय दिसतं? ताडाची झाडं आणि घाट.

मी त्याला दोष देत नाही. पण 'जिवंत' म्हणताना काय गळलं तेही बघावं.

खवट_खोबरं

@इतिहासवेडा, वारली चित्रात पण जीएसटी दिसत नाही.

इतिहासवेडा

@खवट, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती.

गिरीमित्र

दोघंही जरा थांबा. लिअरला व्हाइसरॉयचा तामझाम मुळीच मानवला नव्हता. कलकत्त्याला त्यानं काय नाव दिलं होतं माहितीये? 'हसलफसाबाद'! मराठीत 'लगबगाबाद' म्हणू. मेजवान्या, भेटीगाठी, कपडे बदला, यात त्याची कामाची वेळ जायची म्हणून करवादला होता.

मुंबईत उतरल्या दिवशीची त्याची डायरी वाचा. काय ते ताड, काय ती फुलं, काय ती जनावरं, माणसांचे काय ते कपडे, आणि प्रत्येकापुढे दोन-दोन तीन-तीन उद्गारचिन्हं. एकसष्ट वर्षांचा, दम्यानं बेजार, डोळे अधू, आणि लिहितो असा की जणू पहिल्यांदाच जत्रेला आलेलं पोर. ताज बघितल्यावर म्हणे, आता जगातल्या माणसांचे दोनच वर्ग करा, ताज पाहिलेले आणि न पाहिलेले.

नीलांबरी_के

आणि ती कमरबंदाची कविता? 1874 च्या जुलैमध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. आपल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ त्यानं मुद्दाम उलटेपालटे केलेत. नायिका धोब्यावर बसून चांदणी बघते, पंखे तिचं कौतुक करतात, आणि कमरबंद नावाचं भयानक श्वापद येऊन तिला गिळतं. साहेबलोकांच्या बायका आठवडाभरात जे अर्धंमुर्धं हिंदुस्तानी शिकायच्या, त्याची ही टर आहे असं मला वाटतं. @इतिहासवेडा, हे पण जमेस धरा.

इतिहासवेडा

धरलं. हे माहीत नव्हतं, धन्यवाद.

मावशी_बोरिवली

धोब्यावर बसून चांदणी 😂 आमच्या चाळीत धोब्याला हे कळलं असतं तर इस्त्रीचे दर वाढवले असते.

सोलापुरी_चादर

मला एक सांगा, हा माणूस एकटा फिरायचा का? एवढं सामान, कागद, जेवणखाण?

आजोबा_1951

एकटा नव्हता. जॉर्जिओ कोकाली नावाचा ग्रीक माणूस 1856 पासून त्याच्यासोबत होता. कागदोपत्री नोकर. स्वयंपाक, सामान, भाव करणं, आजारपण काढणं, सगळं तोच. लिअरनं त्याला लिहावाचायला शिकवलं. हिंदुस्थानातही तो बरोबर होता आणि सिलोनला पोटाच्या विकारानं चांगलाच आजारी पडला, तेव्हा पुढचा बेत आवरता घेऊन दोघं मुंबईमार्गे परतले.

1858 मध्ये पेट्राला दोघं गेले होते. तिथले लाल-पिवळे पट्ट्यापट्ट्यांचे खडक बघून जॉर्जिओ काय म्हणाला, ते लिअरनं टिपून ठेवलंय: मालक, आपण अशा जगात आलोय जिथे सगळं चॉकलेट, हॅम, करी पावडर आणि सामन मासा यांचंच बनवलंय! स्वयंपाक्याची नजर. रंगाचं याहून नेमकं वर्णन मला वर्गात कधी देता आलं नाही. पुढे तिथल्या टोळ्यांनी खंडणी मागून धक्काबुक्की केली आणि लिअरचे खिसे साफ केले, ती गोष्ट वेगळी.

सोलापुरी_चादर

करी पावडरचे खडक! वाह. काका, चित्रावर 'इथे हॅम, इथे मासा' असं लिहायला हवं होतं.

नीलशाई

@सोलापुरी_चादर, तुम्ही विनोदात म्हणालात पण मला नेमकं तेच म्हणायचं होतं! त्या कच्च्या चित्रांत शब्द आणि रंग एकाच कागदावर आहेत. तैलचित्रात शब्द पुसले जातात.

अबोली_सातारा

पहिल्यांदाच लिहितेय इथे. वाचून राहवलं नाही.

लिअरला लहानपणापासून आकडी यायची. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून मरेपर्यंत, कधी कधी दिवसातून अनेकदा. अ‍ॅनला ठाऊक होतं, बाहेर त्यानं कोणाला कळू दिलं नाही. डायरीत नुसती फुली मारायचा आणि पुढे आकडा. त्या झटक्यांना तो 'डीमन' म्हणायचा आणि उदासीला 'मॉर्बिड्स'. येणार हे आधी कळायचं, मग तो लोकांतून उठून खोलीत जायचा.

माझ्या भावाला आहे हा आजार. घरात तो शब्द आम्ही कितीतरी वर्षं उच्चारला नाही, 'त्याला बरं नाहीये' एवढंच. लग्नाच्या वेळी तर काय काय लपवलं. म्हणून त्या फुल्यांबद्दल वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. पहाटे उठून, एकट्यानं गावाबाहेर जाऊन दिवसभर डोंगर काढत बसायचं, याचा एक अर्थ मला तरी असा लागला की तिथे बघायला कोणी नाही. मी चूक असेन.

मावशी_बोरिवली

अबोली, लिहीत जा गं. चूक काही नाही.

तांबट

+1. आणि भाऊ कसा आहे आता?

अबोली_सातारा

बरा आहे. गोळ्या वेळेवर असतील तर काही नाही. स्वतःचं दुकान आहे त्याचं.

पावसाळी_बेडूक

उशिरा आलो, वरचं सगळं वाचलं. अबोली, तुमच्या प्रतिसादात एक जोडतो: एकट्यानं बसून काढायलाही सगळीकडे सोपं नव्हतं. 1848 मध्ये अल्बेनियात चित्र काढताना लोकांनी त्याला 'सैतान काढतोय' म्हणून ओरडून पिटाळलं होतं. मी दर रविवारी रस्त्यावर स्केच करतो. सैतान कोणी म्हणत नाही, पण 'महापालिकेतून आलात का, रस्ता रुंदीकरण आहे का?' हे हमखास.

आता नीलशाईंच्या मूळ प्रश्नाकडे, कारण अजून कोणी 'टायरंट्स'चा विषय काढलाच नाही.

तैलचित्रं विकली जाईनात तेव्हा पैशासाठी लिअरनं जलरंगांचा अक्षरशः कारखाना काढला. 1862-63 च्या हिवाळ्यात, कॉर्फूला. साठ कागद एकदम घ्यायचे. जुन्या रेखाटनांवरून साठांवर रेषा काढायच्या. मग रांगेनं मांडून एक रंग सगळ्यांवर, वाळला की दुसरा रंग सगळ्यांवर. निळा हातात आहे तर साठही आकाशं उरकून घ्यायची. यांना तो 'टायरंट्स' म्हणायचा, म्हणजे जुलमी राजे, कारण ते त्याला दिवसभर राबवायचे. मग खोलीतच मांडून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची.

म्हणजे त्याच्याकडे तीन प्रकार होते: जागेवरची रेखाटनं, पोटासाठी टायरंट्स आणि नावासाठी तैलचित्रं. यातली रेखाटनं त्यानं विकायला काढली नाहीत, ती त्याची बी-बियाण्याची कणगी. आपल्याला आवडतात ती एवढ्यासाठी की ती कोणाला दाखवायला काढलेली नाहीत, निदान तशी वाटतात. नीलशाई, तुमचं काही चुकत नाही, पण तुम्ही त्याच्या कोठारात शिरला आहात हे ध्यानात ठेवा.

आजोबा_1951

बेडूकराव, झकास. कणगी हा शब्द पटला. आबालाल रहमान आठवले. कोल्हापूरच्या कोटितीर्थाकाठी बसून काढलेली ती लहान लहान चित्रं. तीही दाखवण्यासाठी होती असं कधी वाटत नाही.

परदेशस्थ

टायरंट्स हे नावच इतकं छान आहे की मी ऑफिसच्या एक्सेल शीटला ठेवतोय.

नीलांबरी_के

जाता जाता, लिअरचा फॉस बोका राहिला! शेपूट तुटका, गोलमटोल, लिअरच्या पत्रांतून सगळीकडे त्याची चित्रं. सान रेमोला लिअरनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर बांधलं, तर समोर मोठं हॉटेल उभं राहिलं आणि स्टुडिओतला उजेड बिघडला. मग 1881 मध्ये दुसरं घर, अगदी पहिल्याच्याच नकाशाबरहुकूम. बोक्याला चुकल्यासारखं वाटू नये म्हणून, असं सांगतात. फॉस 1887 च्या नोव्हेंबरात गेला, लिअर 1888 च्या 29 जानेवारीला. जॉर्जिओ त्याआधीच, 1883 मध्ये. सान रेमोच्या दफनभूमीत लिअरच्या दगडाशेजारी जॉर्जिओच्या आठवणीचा दगड आहे.

खवट_खोबरं

समोर टोलेजंग इमारत येऊन उजेड जाणे. लिअर कोथरूडचाच.

इतिहासवेडा

यावेळी सहमत.

सोलापुरी_चादर

टेनिसनच्या कवितांवर दोनशे निसर्गचित्रं काढायचीही त्याची योजना होती ना? वर्षानुवर्षं चालली आणि अर्धवट राहिली. तीही कणगीतच गेली म्हणायची.

नीलशाई

सगळ्यांचे आभार. मोबाइलचा निवाडा मागे घेते, पण आवड तीच राहणार.

बेडूकदादांच्या पोस्टनंतर काल टायरंट्सचा प्रयोग केला. साठ नाही, सहा. मागच्या पावसाळ्यात संगमावर काढलेली पेन्सिल रेखाटनं घेतली, सहा कागद डायनिंग टेबलावर मांडले आणि सहाही आकाशं एकदम उरकली. दोन गोष्टी कळल्या. एक, तिसऱ्या कागदापर्यंत हात सैल होतो आणि सहाव्याला आपण आकाश बघतच नाही, नुसतं भरतो. टायरंट्स सगळे सारखे का दिसतात ते कळलं. दोन, पुण्याच्या दमट हवेत सहा ओले कागद म्हणजे दुपारी चार वाजेपर्यंत टेबल अडवून ठेवणं. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोळ्या वाढल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आणि त्याच्यासारख्या सूचनाही लिहिल्या होत्या मी तेव्हा, पेन्सिलीनं. 'इथे पिवळट', 'इथे बगळे', 'इथे चिखल'. काल रंगवायला बसले तर कुठला चिखल, कसा होता, काही म्हणजे काही आठवेना. तो माणूस सान रेमोत बसून पाच वर्षांनी दार्जिलिंग कसं आठवत असेल?

खवट_खोबरं

पुण्यातला चिखल ना? कुठलाही लावा, चालतो.